रोजच्या वापराला एमएक्स-५ की जीआर८६?

रोज चालवायला स्पोर्ट्‌स कार घ्यायची म्हटलं की फिरून फिरून माझदा एमएक्स-५ (उघडणारं छत, दोनच सीट) आणि टोयोटा जीआर८६ (पत्र्याचं छत, मागे छोटी सीट) याच दोन गाड्यांवर गाडं येतं, आणि लगेच वाद सुरू होतो तो अश्वशक्तीचा. एमएक्स-५ ची १८१, जीआर८६ ची २२८. माझ्या मते हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. घरात एकच गाडी असणार असेल तर जीआर८६ घ्या. दारात दुसरी गाडी आहे आणि पार्किंगला छप्पर आहे, तर डोळे झाकून एमएक्स-५.

आधी मजेचं बोलू, कारण त्यासाठीच तर ही गाडी घ्यायची. दोन्हींत इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, सहा गिअर. एमएक्स-५ अकराशे किलोच्या आतबाहेर, जीआर८६ पावणेतेराशेच्या जवळ. म्हणजे एका गाडीत दोन धष्टपुष्ट माणसं कायमची बसवल्यासारखा फरक. एमएक्स-५ ची चाकं अरुंद, सस्पेन्शन मऊ, वळणावर अंग झुकतं, त्यामुळे ताशी पन्नासच्या वेगातही गाडी हातात खेळते. जीआर८६ जास्त घट्ट आणि नेमकी आहे, पण ती खुलायला वेग जास्त लागतो, आणि रोजच्या रस्त्यावर तो वेग मिळत नाही. ऑफिसच्या वाटेवरच्या आनंदात एमएक्स-५ सरळ सरळ पुढे आहे.

मग एकच गाडी असेल तर जीआर८६ का? मागची सीट. मोठी माणसं तिथे बसणार नाहीत, ते विसरा. पण पुढची सीट थोडी सरकवली की लहान मुलाची सीट बसते, आणि पाठ खाली पाडली (ती अख्खी पडते, अर्धी-अर्धी नाही) की चार टायर मावतात. एमएक्स-५ ची डिकी साधारण १३० लिटरची. दोन मऊ बॅगा जातात, कडक सुटकेस अडते. नेहमीच्या जागी ग्लोव्ह बॉक्स नाही, सामानाचा कप्पा दोन सीटच्या मध्ये मागे आहे, चालवताना हात वळवून उघडायचा. हे कागदावर किरकोळ वाटतं, रोज टोचतं.

मापं दोन्हीकडे खेचतात. एमएक्स-५ वळायला ९.४ मीटर जागा घेते, जीआर८६ ला १०.८. अरुंद जागेत जीआर८६ चे लांब दरवाजे पुरते उघडत नाहीत आणि अंग मुरडून बाहेर यावं लागतं. उलट एमएक्स-५ मध्ये बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणं. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर दिवसातून सहा वेळा ते करता येईल का, हे आधीच तपासा. उंच माणसांनी २०१९ किंवा नंतरचंच मॉडेल बघावं, कारण स्टिअरिंग पुढे-मागे होण्याची सोय तेव्हापासून आली. त्याआधीच्या गाडीत ते फक्त वर-खाली होतं.

आता छत, कारण एमएक्स-५ चे बरेचसे हाल इथूनच सुरू होतात. कापडी छतावरून येणारं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंच्या भोकांत जातं आणि नळीतून गाडीखाली पडतं. गाडी झाडाखाली उभी राहिली की पानं आणि धूळ तिथे साचतात, भोक तुंबतं, आणि पाणी आत कार्पेटखाली उतरतं. वरून सगळं कोरडं दिसतं, पण काचा आतून धुरकटतात आणि कुबट वास येतो. उपाय सोपा आहे, फक्त वर्षातून दोनदा तरी करायला हवा. छत अर्धं उघडा, जाळीवरचा कचरा हाताने काढा, गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी हलकेच आत सरकवा, मग अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि खाली दोन्ही बाजूंनी ते बाहेर पडतंय का बघा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आतला नळीचा जोड निसटला तर काम वाढतं. ओलं छत घडी करून ठेवू नका, बुरशी धरते. ब्रशवाल्या यंत्रात तर गाडी घालूच नका. कडक छताच्या आरएफमध्ये कापडाची काळजी मिटते, पण छत उघडल्यावर कानाजवळ वाऱ्याचा आवाज कापडीपेक्षा जास्त असतो. तिथे शांततेची अपेक्षा ठेवू नका.

शांत प्रवास मात्र जीआर८६ मध्येही नाही. छत पत्र्याचं असलं तरी टायरचा आवाज आत भरपूर येतो. शिवाय मॅन्युअल गाडीत ताशी १०० ला सहाव्या गिअरमध्ये तिचं इंजिन मिनिटाला २६०० फेऱ्यांच्या (आरपीएम) वर फिरत असतं, तर एमएक्स-५ चं २५०० च्या आसपास. रोज लांबचा हायवे असेल तर तासभर सलग चालवून बघितल्याशिवाय दोन्हींपैकी कुठलीच घेऊ नका.

इंधनात एमएक्स-५ जिंकते. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या आकड्यांनुसार मॅन्युअल एमएक्स-५ लिटरला साधारण १२ किलोमीटर देते, मॅन्युअल जीआर८६ साडेनऊच्या आत. म्हणून ४५ लिटरची टाकी असूनही ती ५० लिटरवाल्या जीआर८६ पेक्षा लांब जाते.

चाकांबद्दल माझा आग्रह आहे: दोन्हींत लहान रिम घ्या. जीआर८६ वर १७ इंची रिमचा २१५/४५ टायर घेतला तर टायरची भिंत ९७ मिलिमीटर मिळते, १८ इंची २१५/४० मध्ये ८६. खड्ड्यात रिम वाकते की वाचते, ते या एका सेंटिमीटरवर ठरतं. एमएक्स-५ वर १९५/५० आर१६ उत्तम. एमएक्स-५ ला स्टेपनी नाही, फक्त पंक्चर किट. जीआर८६ घेतानाही डिकीचा तळ उचलून बघा. किटमधल्या सीलंटच्या बाटलीला मुदत असते, आणि टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग शून्य. तापमान सातत्याने ७ अंशांच्या खाली जातं तिथे उन्हाळी टायरचं रबर कडक होतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत हे अंगाशी येतं. अशा ठिकाणी टायरचा दुसरा सेट गाडीच्या बजेटमध्येच धरा.

आणि छोट्या फेऱ्या. चार-पाच किलोमीटरवर ऑफिस असेल तर दोन्ही इंजिनांना त्रास होतो. तापमानाचा काटा जागेवर आला तरी तो पाण्याचा असतो, ऑइल त्यानंतर बऱ्याच वेळाने तापतं. पहिली दहा मिनिटं ३५०० आरपीएमच्या वर जाऊ नका. दोन्हींत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे थंड इंजिनात थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला. अशा वापरात दर सहा महिन्यांनी बदलणं योग्य: एमएक्स-५ च्या २.० इंजिनात सव्वाचार लिटरच्या आसपास, जीआर८६ मध्ये पाच लिटर. जीआर८६ ला पोर्ट इंजेक्शनही आहे, म्हणजे पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडेही फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जातात. एमएक्स-५ मध्ये तिथे हळूहळू काजळी धरते. मात्र स्पार्क प्लगचं काम जीआर८६ ला वेळखाऊ, कारण इंजिन आडवं आहे आणि प्लग दोन्ही बाजूंना, चासीच्या अगदी जवळ.

जुनी घेणार असाल तर थोडं जास्त बघा. एमएक्स-५ च्या २०१६-१७ च्या मॅन्युअल गाड्यांत गिअरबॉक्स बिघडल्याच्या तक्रारी होत्या आणि कंपनीने नंतर आतले भाग सुधारले. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन, मग पाय काढून, घरघर येते का ऐका. टोयोटात २०२१ च्या आधीच्या पिढीचं २.० इंजिन मधल्या आरपीएमला ढेपाळतं, गर्दीत ते जाणवतं, २.४ मध्ये ती खोट उरलेली नाही. गाडी थंड असतानाच बघायला जा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. दोन्ही गाड्यांच्या सीटमागचं कार्पेट उचलून हात फिरवा, टायर आतल्या कडेने झिजलेत का बघा (झिजले असतील तर अलाइनमेंट करून पुन्हा चालवायला मागा), आणि रोज नेता ती बॅग सोबत नेऊन डिकीत ठेवून बघा.