तारे नकोत, वेळ द्या

लहान मुलांना प्रेमाने वागायला शिकवण्याविषयीचा तुमचा लेख मनापासून आवडला, पण त्यातल्या 'प्रेमाने वागणाऱ्या मुलाला तारा द्या' या सूचनेपाशी अडखळले. बालवर्गात मीही हे करून पाहिलंय. आठवडाभरात मुलं कुणाला मदत करायच्या आधी माझ्याकडे बघायला लागली. बाईंचं लक्ष आहे ना? माझी पाठ असेल तेव्हा मात्र रडणाऱ्याजवळ कुणी फिरकेना. शेवटी ताऱ्यांचा तक्ता काढूनच टाकला. २००८ साली वार्नेकन आणि टोमासेलो या संशोधकांनी २० महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग नंतर वाचनात आला. मदतीबद्दल ज्यांना बक्षीस मिळालं होतं, ती मुलं पुढे बक्षीस थांबल्यावर कमी मदत करू लागली. नुसतं कौतुक झालेल्या किंवा काहीच न मिळालेल्या मुलांची मदत टिकली.

मला वर्गाची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते. माँटेसरी वर्गात प्रत्येक साहित्याचा एकच संच ठेवतात, म्हणजे वाट पाहणं आपोआप येतं. शिवाय वयात तीन वर्षांपर्यंत अंतर असलेली मुलं एकत्र असतात, त्यामुळे मोठं मूल लहानग्याला बटण लावायला शिकवतं आणि त्यात त्याला कोण आनंद असतो!

आणि भांडण झालं की लगेच 'सॉरी म्हण' नको हो. ते पुटपुटून मूल पळून जातं. मी दोघांच्या मध्ये खाली बसते, ढकललेल्याला आधी बोलू देते, मग ढकलणाऱ्याला विचारते, "आता त्याला बरं वाटायला काय करूया?" कधी दहा मिनिटं जातात. परवा एकाने काही न बोलता स्वतःचा रुमाल पुढे केला.