बॅटरी उगाच बदलली? तुमच्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय : "गाडी नुसती टक्-टक् करत होती. यांनी नवी बॅटरी गळ्यात मारली. चार दिवसांनी हेडलाइट लख्ख, पण सेल्फ मारला की एकच टक्. फोन केला तर म्हणे सेल्फ गेला. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने एक वायर घासून लावली आणि गाडी सुरू. बॅटरी उगाच बदलली." त्या दिवशी मी गॅरेजमध्ये नव्हतो. म्हणून आधी जॉबकार्ड काढलं, काम केलेल्या मुलाला समोर बसवून विचारलं आणि मग लिहायला घेतलं.

शेवटचं वाक्य सोडलं तर तुमचं सगळं खरं आहे.

त्या वाक्याबद्दल आधी सांगतो. कार्डावर नोंद आहे की गाडी बंद असताना बॅटरी ११.९ व्होल्ट होती, आणि पूर्ण चार्ज करून लोड (मुद्दाम मोठा भार) लावला तेव्हा ती ९ च्याही खाली गेली. धडधाकट बॅटरी चार्ज झाल्यावर १२.६ च्या आसपास उभी राहते आणि लोडखाली ९.६ च्या वर टिकते. आवाजही तेच सांगत होता. सॉलेनॉइड, म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढला जातो, सेल्फ एकदम शे-दीडशे अँपिअर मागतो, बॅटरी बसते, सॉलेनॉइड सुटतो. भार गेला की व्होल्टेज वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. ती भराभर टक्-टक् म्हणजे हेच. तेव्हा बॅटरी संपलेली होती, यावर मी ठाम आहे.

चूक त्याच्या पुढची, आणि ती आमची.

आमच्या मुलाने तुमच्या दारात दुसऱ्या बॅटरीवरून केबल लावून जंप दिला, गाडी एका झटक्यात सुरू झाली, आणि त्याने निकाल लावला : बॅटरी. बहुतेक जण हाच निकाल लावतात. पण त्याने जंप केबलचा काळा चिमटा लावला होता इंजिनच्या धातूला. लावायचा तिथेच, कारण बॅटरीजवळ ठिणगी नको. मात्र त्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. तुमच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जाते आणि बॉडीपासून इंजिनपर्यंत एक वेगळी अर्थची पट्टी (करंट बॅटरीकडे परत नेणारी वायर, त्या मेकॅनिकने घासली तीच) आहे. चिमटा थेट इंजिनला लागला, तेव्हा करंटला त्या पट्टीतून जावंच लागलं नाही. जंपने मेलेली बॅटरी ओलांडली आणि गंजलेली अर्थही ओलांडली. आम्हाला त्यातली एकच दिसली.

नवी बॅटरी बसवल्यावर सेल्फ जरा जड फिरत होता, हे त्या मुलाच्या लक्षात आलं होतं. आता विचारल्यावर कबूल केलं. नव्या बॅटरीवर सेल्फ जड फिरतो म्हणजे करंट वाटेत कुठेतरी अडतोय. तेव्हाच मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनवर ठेवून सेल्फ मारला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थ खराब. पॉझिटिव्हच्या बाजूने ०.५ पर्यंत चालतं. एक बिघाड सापडला म्हणून आम्ही शोधणं थांबवलं, आणि दुसरा तुमच्या पदरी पडला.

फोनवरच्या उत्तराचं तर समर्थनच नाही. एकच टक् आणि दिवे लख्ख, एवढ्यावर सेल्फ गेला असं न बघता सांगता येत नाही. सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात, सेल्फचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेले असू शकतात, किंवा तुमच्या गाडीसारखी अर्थ तुटल्यात जमा असू शकते. दिव्यांची अर्थ बॉडीवर असते, इंजिनवर नाही, म्हणून ते मंदही होत नाहीत. (कार्बन झिजले असतील तर सेल्फवर पान्याने हलकेच ठोकून गाडी कधी कधी सुरू होते. अडलेल्या माणसाला घरी पोचवायला ठीक, त्याला दुरुस्ती म्हणू नये.) तुम्ही फोनवर दिव्यांचं सांगितलं होतं. आम्ही ऐकायला हवं होतं.

आता व्यवहाराचं. दुसऱ्या खेपेचा जो खर्च तुम्हाला झाला, तो आम्ही देऊ. पावती दाखवा, पुरे. जुनी बॅटरी अजून आमच्याकडे आहे, तुमच्या गाडीचा नंबर लिहून वेगळी ठेवली आहे. तुमच्यासमोर, हवं तर तुमच्या त्या मेकॅनिकच्या लोड टेस्टरवर, तपासू. पास झाली तर नव्या बॅटरीचे पूर्ण पैसे परत. स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही.

आणि एक, ती पट्टी नुसती घासून लावली असेल तर एकदा वाकवून बघा. आतल्या तारा हिरव्या पडून तुटत आल्या असतील तर वरून चकचकीत दिसूनही ती पुन्हा दगा देईल. याल तेव्हा बदलून देतो, त्याचे पैसे नाहीत.