ताई, फॅमिलीत बसा
छोट्या गावात एकट्यानं हॉटेलात जेवायला बसलं की सगळे वळून बघतात, असं एका लेखात वाचलं. पुरुषांच्या बाबतीत हे काही पटलं नाही. अंबाजोगाईत संध्याकाळी कुठल्याही हॉटेलात डोकावा: बदलीवर आलेले बँकवाले, औषध कंपन्यांचे एमआर, मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, सगळे एकएकटेच जेवत असतात. त्यांना कुणी विचारतं का?

आम्हाला मात्र दारातच "ताई, फॅमिलीत बसा." फॅमिली म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, मळका पडदा आणि गरम हवाच फिरवणारा पंखा. मे महिन्यात आपल्याकडं पारा 42 च्या वर जातो, रात्री दहापर्यंत भिंती तापलेल्या. बाहेर अंगणात मात्र सडा मारलेला (पाण्याचं साल बरं असेल तर, 2016 ला शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, विसरले नाही). मी सरळ बाहेर कूलरसमोर बसते. वेटर जरा घुटमळतो, मग कांदा, लिंबू, शेंगदाण्याची चटणी आणून ठेवतो. ज्वारीची भाकरी तव्यावरून एकेक येते, पापुद्रा सुटलेली, बोटं भाजतील इतकी गरम. सोबत येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) मिळाली तर नशीबच, मग चमचा कशाला, कुस्करून खायचं.

खरी अडचण भाजीची. हाफ मागितली की "हाफ नाही, उरलेली पार्सल देतो ना." रूमवर फ्रिज नाही, या उकाड्यात सकाळपर्यंत ती आंबून जाते. नजरांचं सोडा हो, बोर्डावर हाफचा दर लिहा म्हणावं आधी.