कोकणातला उकाडा ड्रॅगनच्या कामाचा नाही

"आधीच एवढं उकडतंय, त्याला आणखी दिवा कशाला?" रत्नागिरी-मालवणकडे बिअर्डेड ड्रॅगन पाळणारे हे हमखास म्हणतात, आणि तिथेच चुकतात.

हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याचं अन्न पचतं. बसायची जागा ३८ ते ४२ अंश तापलेली हवी, पेटीचं दुसरं टोक २५-२८ अंशांवर. आषाढात आपल्या घरात असतात २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. अशा हवेत खाल्लेले किडे पोटात तसेच पडून राहतात, छातीत संसर्ग होतो तो वेगळाच. दिव्याची खरी गरज वैशाखापेक्षा पावसाळ्यात.

शिवाय तोच दिवा ओलही मारतो. २६ अंशांची ती दमट हवा ४० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. मात्र पेटीला समोरासमोर जाळी हवी, नाहीतर आत नुसती वाफ कोंडते. पाण्याची वाटी थंड टोकाला.

पेटी चार फुटी. चिनी मातीच्या होल्डरमध्ये ५० ते ७५ वॅटचा हॅलोजन, सोबत डिमिंग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून दिवा मंद-प्रखर करणारं यंत्र. साधा चालू-बंदवाला दिव्याची नुसती उघडझाप करतो. सेन्सर बैठकीवरच, सरड्याच्या पाठीच्या उंचीला. बैठकीला कडप्प्याचा तुकडा छान. जांभा ओल धरतो, नको. हीट रॉक, म्हणजे विजेवर तापणारा बनावट दगड, तर नकोच, पोट भाजतं तरी हा हलत नाही. खाऱ्या हवेने होल्डर गंजतो, तो मृगाआधी तपासा.

यूव्हीबी, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं देणारी ट्यूब वेगळी लागते, कारण खिडकीची काच ती किरणं अडवते. ट्यूब वर्षाने बदला; उजेड तसाच दिसतो, यूव्हीबी मात्र संपत आलेलं असतं. मग कॅल्शियम कितीही द्या, ते अंगी लागत नाही, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. पाल्यात शेवगा उत्तम. पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

वीज गेली की घाबरून इन्व्हर्टर शोधू नका. आपल्याकडची पावसाळी रात्र त्याला सोसते, भरलेलं पोट सोसत नाही. वादळाची चिन्हं दिसली की किडे देणं थांबवा आणि दिवा परत दिवसभर चालला की मगच किडे द्या.

आणि मे अखेरीस संध्याकाळी खिडकीला जाळी लावाच. परदेशात एखाददुसरा काजवा खाऊन हे ड्रॅगन मेल्याची नोंद आहे. आपल्याकडचे काजवे निरुपद्रवी असतील, या भरवशावर राहू नका.