रिलीजची मेल टाकण्याआधी त्याला सांगितलंय का?

आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. एका मित्राच्या टीममधल्या पोराचं काम होत नाहीये, क्लायंट रोज विचारतोय, आणि मित्राला त्याला प्रोजेक्टमधून रिलीज करायचंय. अर्धे म्हणतात लगेच कर, एकापायी बाकी सहा जणांचे शनिवार-रविवार का जावेत. बाकीचे म्हणतात आत्ता बेंचवर टाकलंस, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना नुसतं बसवलंस, तर त्याची नोकरीच जाईल. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षाला ३५ दिवसांच्या वर बेंच नाही असा नियम आणला आणि पुढच्याच महिन्यात साधारण १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून बेंच म्हटलं की लोकांना धडकीच भरते, ते खोटं नाहीये.

मी आधी हिंजवडीत होतो, आता नऊ वर्षं झाली जर्मनीत स्टुटगार्टला आहे, टीम दोन्हीकडे सांभाळली. मला दोन्ही बाजू पटतात पण एक गोष्ट कुणीच विचारत नाहीये, की त्या पोराला हे तोंडावर सांगितलंय का?

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी माझ्या टीममधल्या एका सीनियर माणसाचं काम घसरलं. टेस्टिंग वेळेत संपेना, डिफेक्ट परत परत तेच. मी एचआरकडे गेलो तर त्या बाईंनी शांतपणे विचारलं, तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलंत आणि कुठल्या तारखेला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, चेहरा पाडून बसायचो आणि त्याला ते कळत असेल असं धरून चाललो होतो.

इथला कायदा असा आहे की दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत सहा महिने झाले की कायद्याला मान्य कारण असल्याशिवाय काढता येत नाही. काम नीट नाही, एवढं म्हणून भागत नाही, बहुतेक वेळा आधी लेखी ताकीद द्यावी लागते, तिला अबमानुंग म्हणतात, आणि तिच्यात कुठलं काम, कधी, काय चुकलं आणि यापुढे काय अपेक्षा आहे हे स्वच्छ लिहावं लागतं. वागणूक बरोबर नाही, असं मोघम लिहिलेलं कोर्टात टिकत नाही. कंपनीत कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती असेल तर काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकावंच लागतं. इथल्या सर्वोच्च लेबर कोर्टाने २००३ साली एका निकालात म्हटलंय की कामगाराने नेमून दिलेलं काम करायचं, आणि ते त्याला जितकं चांगलं जमतं तितकं चांगलं करायचं. म्हणजे मोजमाप त्या माणसाच्या कुवतीचं, शेजारच्या टेबलावरच्या हुशार पोरीचं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. मग डिलिव्हरी कोण करणार?

पण तारीख लिहायची म्हणून मी त्याच्याबरोबर तासभर बसलो आणि कळलं की जुन्या कंट्रोल युनिटच्या टेस्टिंगवरून त्याला क्लाउडच्या कामावर टाकलं होतं आणि ट्रेनिंग कुणीच दिलं नव्हतं, विचारायची त्याला लाज वाटत होती. ट्रेनिंग दिलं, काम थोडं बदलून दिलं, चार महिन्यांत गाडी रुळावर आली.

दरवेळी असं होत नाही, हेही सांगतो. नंतर एक जण होता ज्याला सगळं येत होतं पण करायचं नव्हतं. ताकीद, मीटिंगा, परत ताकीद, यात जवळजवळ वर्ष गेलं आणि तेवढा वेळ त्याचं काम दोघीजणी ओढत होत्या, त्यातली एक वैतागून सोडून गेली. शेवटी पैसे देऊन समझोता झाला. त्या दोघींना कुठला कायदा वाचवायला आला नाही, आणि भारतातले जे मित्र लगेच काढ म्हणतात ते अशाच दोघींबद्दल बोलत असतात, त्यांना निर्दयी म्हणणं मला पटत नाही.

तरी मला हिंजवडीचं अप्रेझल आठवतं. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे रेटिंगच्या आधीच ठरलेल्या वाटणीत, खालचं रेटिंग कुणाला तरी द्यायचंच होतं, मी एका शांत पोराला दिलं. वर्षभर त्याला मी, ठीके, बघू, कर लवकर, एवढंच म्हणत आलो होतो, आणि रेटिंगच्या दिवशी तो म्हणाला, सर, आधी सांगितलं असतंत तर. नंतर कळलं की दुसऱ्या मॉड्यूलच्या लीडने रात्रीचा सपोर्ट त्याच्या गळ्यात मारला होता, तीन महिने, आणि मला पत्ताच नव्हता. दोन महिन्यांत त्याने राजीनामा दिला. आपल्याकडे समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण बोलत नाही आणि मग एकदम पीआयपीचा, म्हणजे ठरल्या मुदतीत काम सुधारून दाखव असा, कागद पुढे सरकवतो, त्याच्या पायाखालची जमीनच सरकते.

हे टाळायला जर्मनीचा कायदा लागत नाही रे. एक तास, बंद खोली, कुठल्या तारखेला कुठलं काम अडलं त्याची यादी, आणि तुला काय लागतंय हा प्रश्न, आणि संध्याकाळी जे ठरलं त्याची साधी मेल त्याला. दर आठवड्याला परत बसायचं. दोन महिन्यांनी नाहीच जमलं तर रिलीज कर, मी तुझ्या बाजूने बोलेन, बाकी सहा जणांचाही जीव आहेच. आणि दोन महिने क्लायंट देणार नाही असं धरून चालू नकोस, मागून बघ. मी हिंजवडीतल्या त्या शांत पोरासाठी एक महिनासुद्धा मागितला नव्हता.