शिंगराला पळवायला सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

काल रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. सोलापूर रस्त्याकडच्या एका स्टड फार्मवर तो घोड्यांची देखभाल करतो. "मावशी, शिंगरू चार दिवसांचं झालं. उद्यापासून फेऱ्या मारून घेऊ का? मेसेजमध्ये तसंच लिहिलंय."

हा मेसेज या आठवड्यात मला चौथ्यांदा आला. पुण्यातल्या घोडेवाल्यांमध्ये तो जोरात फिरतोय. त्यात छातीठोकपणे सांगितलंय की हॉक म्हणजे घोड्याचा मागचा गुडघा. त्याचा आकार बाहेरून बघूनच कुठल्या घोड्याचं हाड मोडणार ते कळतं, एक्स-रे लागत नाही. अशक्त शिंगरू पहिल्या आठवड्यापासून पळवलं की हाड 'बसतं'. रोज भरपूर कोंडा घातला की हाड पोलादी होतं. आणि तरीही घोडा लंगडला तर तापल्या लोखंडाने डाग द्यावा. घोड्यांवर उपचार करण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

गुडघ्याचं आधी उरकते. हॉक म्हणजे आपला घोटा. घोड्याचा मागचा गुडघा वर, पोटालगत असतो. हॉकमध्ये सहा हाडं असतात. हालचाल जवळजवळ सगळी वरच्या सांध्यात होते; खालची चपटी हाडं फारशी हलत नाहीत, भार मात्र झेलतात. तिसरं टार्सल हाड त्यातलंच एक.

हाडाच्या आकाराचा मोडण्याशी संबंध आहे, एवढं मला मान्य करावं लागेल. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांमध्ये हे तिसरं हाड एका बाजूला पातळ, पाचरीसारखं असेल तर त्याचा पुढचा तुकडा सुटण्याचा धोका वाढतो. पण ती पाचर कातडीखाली असते. वीस फुटांवरून चाल बघून ती कोणालाही दिसत नाही, मलाही नाही. साध्या समोरच्या एक्स-रेतही ती निसटते, तिरक्या कोनातून प्लेट घ्यावी लागते. ताजी चीर तर पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. लंगडणं थांबलं नाही तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा असतो.

आता पळवण्याचं. घोडी साधारण 340 दिवस गाभण असते. 320 दिवसांच्या आत जन्मलेलं शिंगरू अपुऱ्या दिवसांचं धरतात. हॉकमधली ही छोटी हाडं आधी कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीक असतात; ती कूर्चा शेवटच्या दोन-तीन महिन्यांत हाडात बदलते, म्हणजे नेमका तोच काळ अशा शिंगराला मिळालेला नसतो. भाच्याकडचं शिंगरू 316व्या दिवशीच जन्मलंय. कपाळ फुगीर, कान लोळलेले, अंगावरची लव रेशमासारखी. परवा त्याच्या हॉकचा एक्स-रे काढला, तर चपटी हाडं दिसायची तिथे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल ठिपके आणि मध्ये रुंद काळ्या फटी. त्या फटी रिकाम्या नाहीत, तिथे मऊ कूर्चा आहे. या अवस्थेत त्याला पळवलं तर अंगाच्या वजनाखाली ती कूर्चा चेपते आणि पुढे हाड त्याच चेपलेल्या साच्यात घट्ट होतं. पाचर तयार होते ती अशी, आणि मग ती आयुष्यभर तशीच राहते. ज्या आकाराची भीती हा मेसेज घालतो, तोच आकार त्याचा उपाय घडवतो! अशा शिंगराला आईसोबत लहान थानात ठेवायचं, हुंदडू द्यायचं नाही, दर दोन आठवड्यांनी एक्स-रे काढायचा आणि हाडं भरली की मगच हळूहळू बाहेर काढायचं.

कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. तो रोज भरपूर घातला तर शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढून घेतं, हाडं पोकळ होतात, जबडा सुजतो.

आणि डाग. ब्रिस्टल विद्यापीठात सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्यांच्या दुखावलेल्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना, डाग देऊन तपासलं. 1983 साली अहवाल छापून आला: डागण्याने काही फायदा नाही. तो अभ्यास कंडरांचा होता, हाडांचा नव्हता, हे खरं. पण कातडीलगतच्या कंडरेला ज्याचा उपयोग झाला नाही, तो तापलेला लोखंडी दांडा सांध्याच्या आतल्या चिरेला काय सांधणार? डाग दिल्यावर घोड्याला काही महिने उभा ठेवतात. तो बरा झाला तर त्या विश्रांतीने होतो. तिसऱ्या टार्सलचा तुकडा सुटला असेल तर विश्रांती द्यायची, नाहीतर शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवायचा, यातलं काय ते एक्स-रे बघून ठरतं.

भाच्याने फेऱ्या मारल्या नाहीत. सकाळी त्याने फोटो पाठवलाय: शिंगरू भाताच्या पेंढ्यावर पाय पसरून झोपलंय, घोडी वरून त्याला हुंगतेय, आणि थानाच्या दारावर खडूने लिहिलंय, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहेर काढू नये."