सरकारी वकिलांचे 'साहेब' महाधिवक्ता नव्हेत

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: राज्यातले सगळे सरकारी वकील महाधिवक्ता (ॲडव्होकेट जनरल, म्हणजे राज्य सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी) नेमतात, त्यांच्या एका सहीने कुठलाही खटला मागे घेता येतो, विधिमंडळात त्यांना मतही असतं, तेव्हा तक्रार थेट त्यांच्याकडेच करा. असा अर्ज घेऊन चुकीच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या तारखा मात्र निघून जातात. म्हणून हे लिहितोय.

मताचं आधी. राज्यघटनेच्या कलम १७७ प्रमाणे महाधिवक्त्यांना सभागृहात बोलता येतं, मतदान करता येत नाही.

नेमणुकीची गोष्ट मोठी आहे. घटनेच्याच कलम १६५ नुसार महाधिवक्त्यांना स्वतःलाच राज्यपाल नेमतात. सरकारला कायद्याचा सल्ला देणं आणि राज्यपालांनी सोपवलेली कायदेविषयक कामं करणं हे त्यांचं काम. जिल्ह्यांत वकील भरण्याचा अधिकार त्या कलमात नाही. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात खुनाचा खटला चालवणारा सरकारी वकील वेगळ्या वाटेने येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम १८ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करतात, त्यातून राज्य सरकार नेमणूक करतं. किमान सात वर्षांची वकिली लागते. सरकारी खटल्यांच्या कामावर देखरेख ठेवणारं अभियोग संचालनालय तर गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली आहे.

खटला मागे घेण्याबद्दलचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो वाचून फिर्यादी हातपाय गाळतो. याच संहितेचं कलम ३६० काय सांगतं? खटला ज्याच्याकडे आहे त्या सरकारी वकिलानेच अर्ज करायचा, आणि न्यायालयाची संमती मिळाली तरच खटला मागे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत नवी अट आहे: पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला अशी परवानगी देता येत नाही. म्हणजे ज्याचा मुलगा गेला, त्या बापाला विचारावंच लागेल.

महाधिवक्त्यांच्या सहीला वजन आहे ते दुसरीकडे. फौजदारी स्वरूपाच्या न्यायालय अवमानाची याचिका खासगी व्यक्तीला करायची असेल, तर त्यांची लेखी संमती लागते.

सरकारी वकील लक्ष देत नाही असं वाटत असेल, तर नेमणूक करणाऱ्या सरकारकडे, म्हणजे विधी व न्याय विभागाकडे लेखी कळवा. त्याचबरोबर कलम १८ खाली खटला सुरू असलेल्या न्यायालयातच अर्ज द्या. परवानगी मिळाली तर सरकारी वकिलाच्या मदतीला पीडिताला स्वतःचा वकील उभा करता येतो.